फळ्यावरची जागा

आमच्या ऑफिसच्या गेटमधून आत आलं की डाव्या हाताला सायकल स्टँड आहे आणि स्टँडच्या पत्र्याखाली संघटनेचा फळा. चार फूट बाय तीन फूट, सागवानी चौकट, वरच्या पट्टीवर लाल ऑइलपेंटने संघटनेचं नाव. स्टँडमध्ये सायकली आता दोनच उरल्यात, त्यातली एक कोणाची आहे ते कोणालाच माहीत नाही. फळा मात्र रोज वापरात आहे. २०१८ पासून त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आहे.

ऑफिस ठाण्यातलं, एवढंच सांगते. संघटनेचंही नाव घेत नाही, कारण एकीचं घेतलं की बाकीच्यांतले मित्र लगेच फोन करणार, "आमचं का नाही?" वीज खात्यात संघटनांना तोटा नाही. वर्कर्स फेडरेशन आहे, वीज कामगार महासंघ आहे, सबऑर्डिनेट इंजिनिअर्सची असोसिएशन आहे, शिवाय आणखी कितीतरी. चहा सगळे एकाच टपरीवर पितात, उधारीही एकाच वहीत.

मी तंत्रज्ञ. मूळची मुरबाडकडची, आता राहायला कळव्याला. अंबरनाथच्या आयटीआयला वीजतंत्रीचा कोर्स केला, २०१३ साली विद्युत सहाय्यक म्हणून लागले. तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग तंत्रज्ञ व्हायचं, तशी झाले. कागदावर काहीही असलं तरी लोकांच्या तोंडी आम्ही सगळे वायरमन. मी पक्कड-टेस्टर घेऊन सोसायटीत शिरले की वॉचमन वर बघून ओरडतो, "वायरमन आली!" व्याकरणाला झटका बसतो, पण लाईट येते.

माझ्याआधी फळा अण्णा लिहायचे. अण्णा प्रधान तंत्रज्ञ, मंडळाच्या काळातले. राज्य विद्युत मंडळ १९६० चं. ६ जून २००५ ला त्याच्या चार कंपन्या झाल्या: एक सूत्रधारी, आणि निर्मिती, पारेषण, वितरण अशा तीन. हे सगळं अण्णांनी डोळ्यांनी पाहिलं, त्याविरुद्ध घोषणाही दिल्या, पण जीभ काही बदलली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ते 'बोर्डात'च होते. "बोर्डाची गाडी आली का?" "बोर्डाचा पगार झाला का?"

त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आणि त्यांची एक युक्ती होती. खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजत ठेवायचे. असा खडू ओला असताना लिहिला की वाळल्यावर अक्षर ठसठशीत दिसतं आणि बोट लागलं तरी पुसलं जात नाही. तोटा एकच, मुंग्या लागतात. २०१६ च्या जानेवारीत कॉम्रेड बर्धन गेले. देशाला ते कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस म्हणून माहीत, पण आमच्यातल्या जुन्यांना ते नागपूरचे, वीज कामगारांचे पुढारी. अण्णांनी तरुणपणी त्यांचं भाषण ऐकलेलं. त्या दिवशी त्यांनी अख्खा फळा एकट्या बर्धनांना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या प्रत्येक अक्षरावरून मुंग्यांची रांग चाललेली, वेलांटीवरून वळून खाली उतरत होती. मी हसले. अण्णाही हसले. मग म्हणाले, "बघ, कामगारच आलेत शेवटी."

फळा लिहिण्याचा क्रम त्यांनीच ठरवलेला, मी तो मोडलेला नाही. वर वार आणि तारीख. मग कोणी गेलं असेल तर ते. मग अपघात. मग निवृत्ती, लग्न, मुलांचे दहावी-बारावीचे मार्क. मग द्वारसभा, मग परिपत्रक. वर्गणीचं सगळ्यात खाली. "वर्गणी वर लिहिलीस तर लोक तिथेच वाचणं थांबवतात," असं अण्णांचं निरीक्षण.

आता माझा आणि फळ्याचा पहिला संबंध कसा आला ते सांगते, कारण तो भांडणाने आला.

लागल्यावर माझं पहिलं सेक्शन ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर सामानाचा ढीग. बाई म्हणून मी एकटी. पुरुषांसाठी मागे एक आडोसा होता, त्याला मुतारी म्हणायचं झालं तर म्हणा. माझ्यासाठी काही नाही. मी सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं सोडलं होतं. एप्रिल-मे महिन्यात, पाठीवर सामान घेऊन, पाणी न पिता. पहिल्या वर्षी दोनदा मूत्रमार्गाचं इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग पाणी प्या." जणू मला पाणी आवडत नव्हतं.

एका द्वारसभेच्या आधी अण्णा मागण्या लिहीत होते. रिक्त जागा, बदल्या, सेफ्टी शूजचा साइझ, ओव्हरटाइम. मी शेजारी उभी होते. म्हटलं, अण्णा, अजून एक लिहा ना, महिलांसाठी स्वच्छतागृह. अण्णांचा खडू थांबला. शाखेतले एक ज्येष्ठ मागून म्हणाले, "पोरी, ते फळ्यावर नको. ग्राहक येतात-जातात. आम्ही तोंडी सांगू साहेबांना." अण्णा काही बोलले नाहीत. सभा झाली, सगळे गेले. मी माघारी आले, खाली पडलेला तुकडा उचलला आणि सहा नंबरला लिहिलं. माझं अक्षर वाकडं, शिवाय घाईत 'स्वच्छता' चुकलं, 'स्वछता' झालं.

सकाळी पाहिलं तर ओळ होती तिथेच होती. फक्त कोणीतरी त्यात अर्धा 'च' घालून ती शुद्ध केलेली, छापल्यासारख्या अक्षरात.

स्वच्छतागृह त्यानंतर चौदा महिन्यांनी झालं. त्याला आतून कडी लागायला आणखी दोन. पण अण्णांनी त्या दिवसापासून मला हाताशी धरलं. "मी सुटलो की तू लिही. बाकीच्यांना फळ्यापेक्षा माइक आवडतो."

अण्णा २०१८ मध्ये निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सोसायटीचा चेक, आणि एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने भजी. पेन्शन आमच्यात नाही, ती मागणी माझ्या जन्माच्या आधीपासून फळ्यावर असावी. त्यांच्या निवृत्तीची बातमी लिहिणं हे माझं पहिलं काम. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. जाताना ते फळ्यासमोर उभे राहिले, वाचलं, आणि म्हणाले, "शिरोरेषा सरळ ठेव. तार ओढतेस ना, तशी. झोल नको."

लोक विचारतात, व्हॉट्सअ‍ॅप असताना फळा कशाला. विचारण्यासारखंच आहे. शाखेचा ग्रुप आहे, सर्कलचा आहे, झोनचा आहे, 'फक्त अ‍ॅडमिन' असाही एक आहे. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी परिपत्रकाची पीडीएफ, रात्री दोन संघटनांची भांडणं. कोणी गेल्याची बातमी आली की खाली चाळीस हात जोडलेले, आणि एक्केचाळिसावा माणूस वरचं न वाचता 'हार्दिक अभिनंदन' टाकतो. हे आमच्याकडे खरंच झालंय.

पण ग्रुपात कोण असतं? ज्याचा नंबर अ‍ॅडमिनने घेतला तो. कंत्राटी पोरं त्यात नाहीत, झाडूवाल्या मावशी नाहीत, टपरीवाला नाही. फळ्यासमोरून मात्र सगळेच जातात. बिलावरून भांडायला आलेला ग्राहकसुद्धा रांगेत कंटाळला की फळा वाचतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या. उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांचा, कळवा-पडघ्याकडचा तो बिघाड. आमचा, म्हणजे वितरणाचा, त्यात संबंध नव्हता, पण लोकांना वीज म्हणजे समोर दिसेल तो वायरमन. आमच्या चाळीतल्या आजी मला म्हणाल्या, "तुमच्या कळव्यातच बिघडलं म्हणे." म्हटलं, आजी, कळवा तुमचाही आहे. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर निर्मिती, पारेषण, वितरण अशी तीन खोकी काढून मधल्या खोक्यावर फुली मारली. बिलाच्या रांगेतले चार-पाच जण तरी ते वाचून शांत झाले. एक जास्त भडकला. त्याचं म्हणणं, खोकी काढायला वेळ आहे तुम्हाला.

फळ्यावर सगळ्यात जास्त गर्दी पाहिली ती जानेवारी २०२३ च्या संपाच्या वेळी.

विषय समांतर परवान्याचा. वीज कायदा २००३ च्या कलम १४ मध्ये एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वितरणाचा परवाना देण्याची सोय आहे. त्याआधारे अदानींच्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. भाग कुठला, तर भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. म्हणजे आमचाच. संघटनांचं म्हणणं सरळ होतं. कारखाने, मॉल, मोठी दुकानं वीज महाग घेतात, त्यातून शेतीपंपाचा आणि लहान घराचा दर खाली ठेवता येतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठे ग्राहक उद्या दुसरीकडे गेले तर मलई त्यांना आणि ताक आम्हाला. मी फळ्यावर असंच लिहिलं होतं, 'मलई आणि ताक'. पुढाऱ्यांना ते फार हलकं वाटलं. टपरीवर मात्र तेच चाललं.

खरं सांगायचं तर शेजारच्या वहिनींनी मला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. "दोन कंपन्या आल्या तर स्वस्त नाही का होणार, मोबाईलसारखं?" मी म्हटलं, मोबाईलला खांब नाही ना लागत घरापर्यंत. त्या म्हणाल्या, "टॉवर लागतोच की." मग भाजी निवडता निवडता वायर एक की दोन, तुटली तर जोडणार कोण, शहापूरच्या पाड्यावर कोण जाणार, यावर अर्धा तास गेला. त्यांना किती पटलं माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी दोन बादल्या जास्त भरून ठेवल्या, हे मी पाहिलं.

सोमवारी, २ जानेवारीला, कोर्टनाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मोर्चा. हजारो माणूस. मी एवढे वीजवाले एकत्र कधी पाहिले नव्हते. आमचं काम असं की दोघं इथे, तिघं तिथे, एक खांबावर. आपण इतके आहोत हे आपल्यालाच माहीत नसतं. मंगळवारी मध्यरात्रीपासून बहात्तर तासांचा संप. तीसेक संघटना एकत्र, आमच्यासाठी तेच मोठं नवल. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लागल्याची बातमी आली तेव्हा आम्ही गेटवर शेकोटीशी होतो. कोणीतरी म्हणालं, "मेस्मात अटक झाली तर डबा घरचा चालतो का?" हसलो, पण नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता मला एक फोन आला. आमच्या भागातल्या एका गल्लीतून. फोन करणाऱ्या मुलाचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर असायचे, घरी. रात्री त्या गल्लीची केबल गेलेली. त्यांच्याकडे माझा नंबर होता, कारण आधी दोनदा मीच तो फॉल्ट काढला होता. मला मिनी पिलर, म्हणजे केबल जोडायची रस्त्याकडेची पेटी, कुठला, जॉइंट कुठे, सगळं पाठ होतं. मोजून पाऊण तासाचं काम.

मी गेले नाही.

सिलिंडर भाड्याने देणाऱ्याचा नंबर दिला, अ‍ॅम्ब्युलन्सचा दिला, दर दहा मिनिटांनी फोन करत राहिले. त्यांनी वडिलांना हॉस्पिटलात हलवलं, ते बरे राहिले. दुपारी सह्याद्री अतिथीगृहावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक झाली. कंपन्यांचं खासगीकरण करायचं नाही, उलट तीन वर्षांत ५० हजार कोटी रुपये गुंतवणार, असं सरकारने सांगितलं आणि संप पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. मी निरोप येताच आधी त्या गल्लीत गेले. मुलगा दारात होता. त्याने पाणी दिलं, रागावला नाही, 'थँक्यू ताई'सुद्धा म्हणाला. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संप बरोबर होता असं मला आजही वाटतं. तरी त्या गल्लीत शिरले की मी वर तारांकडे बघते, त्या दाराकडे नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय लिहायचं यावरून वाद. शाखेचं म्हणणं, 'संप यशस्वी'. मी लिहिलं, 'चर्चेनंतर संप मागे'. अध्यक्ष म्हणाले, यात विजय कुठे दिसतो? मी म्हटलं, लेखी आलं की मोठ्या अक्षरात लिहीन. मध्येच एकाने 'ऐतिहासिक' सुचवलं. शेवटी 'एकजुटीने केलेला संप चर्चेनंतर मागे' यावर तडजोड झाली, ती दोन ओळींत बसेना, मग अक्षर बारीक केलं.

आता एका कंत्राटी पोराचं.

२०२४ चा जुलै. धो धो पाऊस, रात्रीचे साडेनऊ, एका सोसायटीच्या बाहेरच्या मिनी पिलरमध्ये केबल जळलेली. आम्ही चौघं. त्यात एक कंत्राटी हेल्पर, शहापूरकडचा, बावीस वर्षांचा. मला ताई म्हणायचा, आणि डबा उघडला की आधी मला विचारायचा, आज काय आणलंय. डीपीवरून फ्यूज काढले, टेस्टरने पाहिलं, सप्लाय नाही. शॉर्ट करून अर्थ करायचं, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून ठेवायचं, राहिलं. राहिलं म्हणजे काय, आम्ही केलं नाही. पाऊस होता, घाई होती, वरून लोक ओरडत होते. हातमोज्यांची एक जोडी होती, ती जॉइंट बांधणाऱ्याच्या हातात. पोराच्या हातात काही नाही. मी बॅटरी धरून उभी.

सोसायटीचा जनरेटर सुरू झाला. त्यांचा चेंजओव्हर स्विच बिघडलेला होता हे नंतर कळलं. जनरेटरची वीज इमारतीत राहायची ती उलटी आमच्या केबलमध्ये आली. बॅकफीड म्हणतात त्याला. आम्हाला हे पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं, की वीज फक्त आपल्या बाजूने येते असं समजू नका. पिलरमध्ये निळा-पांढरा भडका उडाला. आवाज असा, की अजूनही दिवाळीत मी आत जाऊन बसते. त्याचा उजवा हात आणि मान.

ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला नेला. रिक्षात तो मला विचारत होता, "ताई, लाईट आली का त्यांची?"

सकाळी मी खडू घेतला आणि फळ्यासमोर गेले तर शाखेचे खजिनदार आधीच उभे. त्यांनी मला लिहू दिलं नाही. म्हणाले, "ताई, तो आपला सभासद नाही. ठेकेदाराचा माणूस आहे. आज त्याचं लिहिलंस की उद्या त्यांचा पगार, त्यांचा पीएफ, सगळं आपल्या दारात. आपल्याला झेपणार आहे का?" दुसरा म्हणाला, चौकशी व्हायची आहे, फळ्यावर लिहिलं की तो पुरावा होतो. मला राग आला, पण ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते हेही कळत होतं. आणि माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. बॅटरी कोणी धरली होती? अर्थ करा, असं मोठ्याने कोणी म्हणायला हवं होतं?

मी अण्णांना फोन केला. ते आता गावी असतात, खेडकडे, कान थोडे गेलेत. दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "फळ्यावर जागा किती आहे?"

म्हटलं, अर्धा रिकामा आहे.

"मग?" म्हणाले आणि फोन ठेवला. रेंज गेली असेल.

मी लिहिलं. तारखेखाली, अपघाताच्या जागी. 'आपला कंत्राटी सहकारी काल रात्री कामावर भाजला. ऐरोलीत दाखल. भेटायची वेळ विचारून जावे. मदत शाखेत जमा करावी.' खजिनदार बघत राहिले, पुसलं नाही.

दोन दिवसांत अठरा हजार तीनशे जमले. झाडूवाल्या मावशींनी पन्नास दिले आणि पावती मागितली, आणि ते बरोबरच होतं. बिलाच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी दोनशे दिले. खजिनदारांनी वर्गणी दिली नाही. पण त्यांनी जे केलं ते अठरा हजारांपेक्षा जास्त होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. ठेकेदार सांगत होता की पोरगं नवीन आहे, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, हप्ते पुरेसे भरलेले नाहीत, त्याला काही मिळणार नाही. खजिनदार म्हणाले, थापा मारतोय. आजारपणाला हप्त्यांची अट असते, कामावरच्या अपघाताला नसते. पहिल्या दिवसापासून हक्क आहे. बरा होईपर्यंत वेतनाच्या नव्वद टक्के रोख मिळतात, आणि हात अधू राहिला तर त्याचं वेगळं. फक्त अपघाताचा फॉर्म ठेकेदाराने भरला पाहिजे आणि त्यात 'कामावर असताना' हे लिहिलं पाहिजे. तो फॉर्म घेऊन ते दोन रजा टाकून ठेकेदाराच्या दारात बसले. नुसते बसले. पेपर वाचत. दुसऱ्या दिवशी दुपारी सही झाली.

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होतात तो आपला नाही.

"फळ्यावर नको म्हणालो," ते म्हणाले. "बसू नका असं कुठे म्हणालो?"

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही हत्यारं मांडली तेव्हा पक्कड, झुला, अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड, शिडी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. झेंडू रॉडला जरा जास्तच बांधला गेला. आता मी कुठल्याही कामावर शॉर्ट-अर्थ झाल्याशिवाय पिलरला हात लावू देत नाही. पोरं मागून 'अर्थवाली बाई' म्हणतात. म्हणू देत.

तो मुलगा पाच महिन्यांनी आला. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. केबलचं काम आता नाही, तक्रारींचे फोन घेतो, दुसऱ्या ठेकेदाराकडे. फळ्यासमोर थांबला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की इथे त्याचं लिहिलं होतं.

"ताई, माझं किती दिवस होतं?"

चार दिवस, म्हटलं. पाचव्या दिवशी एका साहेबांची निवृत्ती होती, जागा लागली.

"साखरेच्या खडूने लिहिलेलं?"

नाही, घाईत साध्याच खडूने. तो जरा हिरमुसला असं मला वाटलं. मग म्हणाला, डब्यात काय आहे.

ही पोस्ट लिहायचं कारण वेगळंच आहे, ते आता शेवटी आठवलं. सायकल स्टँड काढणार आहेत. तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन होणार, तीन पॉइंटचं. त्याला आम्ही वीजवाले नाही म्हणू शकत नाही. फळा आत कॉरिडॉरमध्ये न्यायचा विचार आहे, लेखा विभागाच्या दाराजवळ. तिथे ऊन-पाऊस लागणार नाही, आणि ग्राहक, टपरीवाला, कंत्राटी पोरंही जाणार नाहीत. मी गेटच्या उजव्या बाजूची भिंत मोजून आले. चार बाय तीन बसतो, वर फूटभर पत्रा टाकावा लागेल. खजिनदार म्हणतात पत्र्याचे पैसे शाखेतून निघतील, अध्यक्ष म्हणतात आधी साहेबांना विचारू.

विषय बुधवारच्या द्वारसभेत आहे. संध्याकाळी साडेपाच. पाच नंबरला लिहिलाय, वर्गणीच्या वर.